उन्हात पांढरे पडलेले चेहरे: फोटो कितपत सुधारतो?

ईदची नमाज झाली की ईदगाहच्या बाहेर फोटोंची एकच झुंबड उडते. घरी येऊन मोबाईल बघावा तर कुणाचं कपाळ, कुणाचे गाल चुन्यासारखे पांढरे. नाक-डोळे दिसतात, पण माणसाचा रंगच गायब!

कॅमेरा चौकटीतला एकूण उजेड मोजतो आणि त्याची सरासरी मध्यम राखाडीच्या आसपास आणायला बघतो. त्यामुळे समोर काळ्या बुरख्यातल्या तिघी-चौघी असल्या किंवा मागे गर्द झाडी असली, की त्याला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो आणि चेहरे उडतात. उलट सगळे पांढऱ्या कुर्त्यात असतील तर चेहरे काळवंडतात. आजचे फोन चेहरा ओळखतात हे खरं, पण अर्ध्या गालावर ऊन आणि अर्ध्यावर सावली असली की त्यांचीही फसगत होते.

आता दुरुस्तीचं. नेहमीच्या जेपीईजी फोटोत प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येकी ० ते २५५. त्वचा गोरी असो वा सावळी, तिच्यात लाल सर्वांत जास्त असतो. म्हणून कडक उन्हात लाल आधी २५५ ला टेकतो आणि चेहरा पिवळट दिसू लागतो. तिन्ही आकडे टेकले की उरतो नुसता शुभ्र डाग. पिवळट भागात हिरव्या-निळ्यातला तपशील शाबूत असतो, तो सुधारता येतो. शुभ्र भागात काहीच नसतं. तिथे उजेड कमी केला तर रंग परत येत नाही, राखाडी चट्टा पडतो.

म्हणून पहिलं काम, मूळ फाईल मिळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत दाबून लहान केलेली असते. ज्याने फोटो काढला त्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगा. लग्नाच्या फोटोग्राफरकडे रॉ फाईल असेल तर ती जरूर मागा, तिच्यात जेपीईजीपेक्षा उजळ भागाचा तपशील बराच जास्त शिल्लक असतो.

फोनवर स्नॅपसीड पुरतं. आधी हायलाइट्स थोडे खाली आणा. मग सिलेक्टिव्ह घेऊन फक्त गालावर टेकवा, दोन बोटांनी घेर लहान करा आणि तिथलाच उजेड उतरवा. सगळा फोटो एकदम काळा करू नका, कपडे आणि आभाळ उगाच बिघडतं.

पूर्ण शुभ्र झालेल्या भागासाठी कॉम्प्युटर लागतो. गिंप हे सॉफ्टवेअर मोफत आहे. नवा थर घ्या, त्याचा मोड 'डार्कन ओन्ली' ठेवा आणि मऊ ब्रशने त्वचेचा रंग हलक्या हाताने भरा, १०-१५ टक्के अपारदर्शकता पुरे. या मोडमध्ये रंगापेक्षा उजळ ठिपकेच बदलतात, दाढी-भुवया तशाच राहतात. दात आणि डोळ्यांचा पांढरा भाग मात्र सांभाळा. हा रंग आपण भरलेला असतो, परत मिळवलेला नाही, एवढं लक्षात असू द्या.

तो रंग त्याच माणसाच्या मानेवरून किंवा हातावरून उचला, शेजारच्या गोऱ्या भावाच्या गालावरून नको. गडद सावलीतली जागाही टाळा, तिथे आभाळाचा निळेपणा मिसळलेला असतो. इथे एक गोष्ट नेहमी खटकते. मुलीच्या स्थळासाठी फोटो द्यायचा असला की घरचेच म्हणतात, "राहू दे तसाच, गोरी दिसतेय." ती काही गोरी दिसत नसते, तिचा चेहरा जळालेला असतो! आणि दादाजानचा एकच फोटो घरात उरलेला असेल, तर नातवंडांनी त्यांचा गव्हाळ रंग बघावा की पांढरा डाग?

पुढच्या वेळी फोटो काढताना चेहऱ्यावर बोट टेकवा आणि शेजारी दिसणारं सूर्याचं चिन्ह जरा खाली ओढा. थोडा काळसर आलेला फोटो नंतर उजळता येतो. ब्युटी मोड बंद ठेवा. आणि भर उन्हात उभं करण्यापेक्षा सगळ्यांना मंडपाच्या कडेला, नाहीतर झाडाच्या एकसलग सावलीत न्या. पानांमधून उन्हाचे कवडसे पडत असतील तर तिथून दोन पावलं बाजूला सरका.