छातींतील गांठ व क्ष-किरणांची छाया

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील एखाद्या घरीं छातीचें क्ष-किरणचित्र येतें. कण्याच्या बाजूस एक वाटोळी छाया दिसते, आणि घरच्यांच्या मनांत प्रथम क्षयाची व मागोमाग कर्करोगाची भीति उभी राहते. परंतु क्वचित् प्रसंगीं ती छाया या दोहोंपैकीं कशाचीच नसते. मज्जातंतूच्या आवरणांतून उद्भवलेली ती एक सौम्य गांठ असते. ती ओळखावयास मनुष्यास फार काळ लागला.

मज्जातंतूस वेष्टून असणाऱ्या पेशींचें वर्णन थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञानें १८३९ त केलें. १८८२ त फॉन रेक्लिंगहाउझेन यानें मज्जातंतूंवरील अनेक गांठींच्या विकाराचें विवेचन केलें, आणि १९१० त प्राग येथील व्हेरोकाय यानें वेष्टणाच्या पेशींपासून होणाऱ्या गांठी निराळ्या ओळखल्या.

परंतु छातींतील गांठ दिसावी कशी? पुष्कळ रोग्यांस तिच्यापासून कांहींच त्रास नसतो. १८९५ त राँटगेन यानें क्ष-किरण शोधिले, तेव्हां हा पडदा दूर झाला. तरी शस्त्रवैद्याचा हात थांबलेलाच होता. कारण छाती उघडतांच बाहेरची हवा आंत शिरून फुप्फुस मिटून जाई. १९०४ त साउअरब्रुख यानें कमी दाबाची कोठडी योजिली. १९०९ त मेल्टझर व आउअर यांनीं श्वासनलिकेंत नळी घालून हवा पुरविण्याची सोपी रीत दाखविली, आणि पुढें तीच दिशा रूढ झाली.

सौम्य म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी, असें मात्र नव्हे. कधीं ही गांठ दोन मणक्यांमधील छिद्रांतून आंत शिरते व मज्जारज्जूस दाबते. मग पायांतील शक्ति ओसरूं लागते. वेळींच समूळ काढिली, तर ती सहसा परत होत नाहीं.

याच जिल्ह्यांत, प्रवरेच्या खोऱ्यांतील लोणी येथें, विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच लोणींत १९८४ सालीं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालें. चित्रावरील छाया कशाची, हा प्रश्न आतां जिल्ह्यांतच विचारतां येतो. तो विचारल्यावांचून क्षयाचें औषध सुरू करणें किंवा हताश होऊन बसणें, दोन्ही सारखींच घातक.