बाळंतपणानंतर आशाताई घरी का येतात?

बाळंतपण दवाखान्यात झालं, वजन बरं भरलं, सुटी झाली. मग आशाताई वजनकाटा घेऊन दारात आल्या की काही घरांतून उत्तर मिळतं, "डॉक्टरांनी पाहिलंय, बाळ चांगलं आहे." कृपया असं परत पाठवू नका. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर ते मोठ्या मुलासारखं तापेलच असं नाही. कधी ते फक्त गप्प होतं, थंड पडतं, दूध ओढेनासं होतं. घरच्यांना वाटतं, शहाणं बाळ आहे, झोपतंय.

या भेटींमागे आपल्या विदर्भातलंच संशोधन आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत स्थानिक महिलांना बाळ तपासायला आणि जंतुसंसर्गावर उपचार करायला शिकवलं. तुलनेला दुसरी ४७ गावं होती. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या, त्या यातूनच.

बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी भेट असते. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं, आणि नेमकी तिथेच भेट चुकते. सासरच्या यादीत नाव, बाळ मात्र माहेरी! म्हणून माहेरच्या गावातल्या आशाताईंना सातव्या-आठव्या महिन्यातच कळवून ठेवा.

दोन भेटींच्या मधे लक्ष तुम्हालाच ठेवायचं आहे. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. तरी तेवढेच असतील, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर निघा. दूध सोडणं, अंग गार किंवा तापलेलं लागणं, झटके, तळहात-तळपाय पिवळे दिसणं, नाळेतून पू, पोट फुगणं, यांपैकी एकही दिसलं तरी तसंच. नजर काढायची तर काढा, पण गाडी बोलावून झाल्यावर. पोट फुगलं म्हणून मेळघाटात तापलेल्या सळईचे चटके देतात, त्याला तिकडे डंबा म्हणतात. त्याने आजार जात नाही; नाजूक कातडी भाजते, जंतूंना नवी वाट मिळते आणि दवाखान्याची वेळ टळते.

दवाखाना लांब असेल तर? हाच प्रश्न आफ्रिकेतही होता. काँगो, केनिया आणि नायजेरियातल्या अभ्यासांत, जी कुटुंबं बाळाला भरती करू शकत नव्हती, त्यांच्या बाळांना जवळच्या केंद्रावर कमी इंजेक्शनं आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन दिलं. ते नेहमीच्या सात दिवसांच्या इंजेक्शनांइतकंच उपयोगी ठरलं. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. मात्र अतिगंभीर बाळं त्यात नव्हती, आणि उपचार प्रशिक्षित माणसांच्या हातून झाले. मेडिकलमधून आणलेलं औषध घरी पाजणं म्हणजे हे नव्हे.

गाडीसाठी १०२ किंवा १०८ लावा. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचा उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून लुगडं किंवा शाल गुंडाळा, डोक्याला टोपरं घाला, आणि ओढत असेल तर अंगावर पाजत राहा.