दुसऱ्याच्या पॅकेजमधील दुरुस्तीचे संकेत : डेबियन आणि मुंबईतील मराठी अनुवाद

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्रे, कंपन्या व संशोधक यांना मोठे स्थान मिळते. एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे एकत्र काम करताना कोणते संकेत पाळतात, याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. प्रस्तुत लेखात डेबियन या मुक्त संगणकप्रणालीतील अशाच एका संकेताचा मराठी भाषेच्या संदर्भात विचार केला आहे.

इयन मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजला, म्हणजे वापरासाठी बांधून ठेवलेल्या आज्ञावलीला, देखभालकर्ता असतो. तो बहुधा स्वयंसेवक असल्याने नोकरी, आजारपण, घरची अडचण यांमुळे त्याचे काम महिनोन् महिने थांबू शकते. तांत्रिकदृष्ट्या प्रकल्पाचा कोणताही डेव्हलपर दुसऱ्याच्या पॅकेजची दुरुस्त आवृत्ती भांडारात चढवू शकतो. अडवणारे कुलूप नसल्याने मर्यादा संकेतानेच घालावी लागली. अशा दुरुस्तीला 'नॉन-मेंटेनर अपलोड' म्हणतात.

जुहू येथे १९८५ साली स्थापन झालेली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) ही संस्था २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली. सी-डॅकच्या मुंबई केंद्रातील 'जनभारती' प्रकल्पाने डेबियनच्या इन्स्टॉलरचा मराठी अनुवाद हाती घेतला. परंतु स्थापनेच्या वेळी पडद्यावर दिसणारा सर्व मजकूर इन्स्टॉलरचा स्वतःचा नसतो. त्यातील काही प्रश्न वेगवेगळ्या पॅकेजांतून येतात व प्रत्येकाचा देखभालकर्ता निराळा असतो. अनुवादकाने भाषांतर त्रुटीनोंदीला जोडून पाठवायचे. तिची प्रतवारी 'इच्छा' अशी, म्हणजे सर्वांत खालची. प्रणाली कोसळविणाऱ्या दोषापुढे मराठी वाक्याला कोण विचारणार? एप्रिल २००७ नंतरची आवृत्ती फेब्रुवारी २००९ मध्ये आली, हे लक्षात घेतले म्हणजे एका संधीचे मोल कळते. देखभालकर्ता गप्प राहिला, तर तयार अनुवाद सुमारे दोन वर्षे पडून राहण्याची शक्यता होती.

या कोंडीतून वाट काढण्यात फ्रेंच डेव्हलपर क्रिस्तियाँ पेरिए यांच्या कार्यपद्धतीचा मोठा वाटा आहे. ते आधी देखभालकर्त्याला आपला हेतू कळवीत, नंतर सर्व भाषांच्या अनुवादकांना अद्ययावत मजकूर मागवीत आणि ठरलेल्या मुदतीनंतरच पॅकेज चढवीत. एका भाषेसाठी एकदा दार ठोठावण्यापेक्षा सर्व भाषांना बरोबर घेऊन जाणे त्यांनी पसंत केले. लहान अनुवादगटांना याचा विशेष लाभ झाला असावा.

उपनगरातील इमारतींत गळती वरच्या घरात व ओल खालच्या भिंतीवर, असा प्रसंग नवा नाही. वरच्याच्या न्हाणीघरात शिरून फरशी फोडता येत नाही आणि ओलही सहन होत नाही. डेबियनने हा पेच दिवसांत मोजला. २००८ साली लुकास नुसबाउम व बास वाइनेन यांनी या संकेतांच्या फेरमांडणीचा प्रस्ताव ठेवला. आजच्या मार्गदर्शिकेनुसार, सात दिवस कोणीही न हाताळलेल्या अतिगंभीर दोषाची दुरुस्ती तत्काळ चढवता येते. सामान्य दुरुस्ती दहा दिवस प्रतीक्षारांगेत ठेवणे अपेक्षित असते. त्या अवधीत देखभालकर्ता ती रोखू शकतो. केलेला बदल त्रुटीनोंदीत जाहीर करावा लागतो. आवृत्तीक्रमांकही बोलका असतो : १.२-३ चे १.२-३.१ होते, म्हणजे परका हात कोठे लागला ते कायम दिसत राहते. केवळ आवडीनिवडीचे बदल टाळावेत व आपल्या हातून बिघाड झाल्यास तो आपणच निस्तरावा, अशीही अपेक्षा असते. अनुवादाला येथेही सर्वांत दीर्घ प्रतीक्षा वाट्याला येते, हे खरे. पण अनिश्चित प्रतीक्षेपेक्षा दहा दिवस केव्हाही बरे.

१४ फेब्रुवारी २००९ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'लेनी' या आवृत्तीत इन्स्टॉलर ६३ भाषांत उपलब्ध झाला. नव्या भाषांत अम्हारिक, आयरिश, उत्तर सामी व सर्बियन यांच्यासमवेत मराठी होती.

एकेका दुरुस्तीपुरता प्रश्न असा सुटला, तरी दीर्घकाळ दुर्लक्षित पॅकेजांचा प्रश्न उरलाच. त्यासाठी २०१८ मध्ये निराळी रीत मान्य झाली. पॅकेज ताब्यात घेऊ इच्छिणाऱ्याने तसे जाहीर करून किमान २१ दिवस थांबायचे व त्यानंतरही आपली आवृत्ती किमान सात दिवस प्रतीक्षारांगेत ठेवायची. मधल्या काळात मूळ देखभालकर्त्याने हरकत नोंदवली, तर हस्तांतर थांबते.