कागदाची साक्ष कागद देत नाही

उदगीरचे नाव मराठ्यांच्या इतिहासात ठळक झाले ते 3 फेब्रुवारी 1760 च्या लढाईने. सदाशिवरावभाऊंनी सलाबतजंग आणि निजामअली या भावांच्या फौजेला कोंडीत धरले, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी ती फौज खिळखिळी केली आणि तहात साठ लाखांच्या वसुलाचा मुलूख पेशव्यांकडे आला. निकराची झुंज खरे तर औशाच्या बाजूला झाली, पण नाव लागले उदगीरच्या किल्ल्याचे. पुढच्याच महिन्यात परतूरच्या मुक्कामी भाऊंना उत्तरेत पाठवायचे ठरले आणि 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर सारे संपले. उदगीरकरांना एवढा इतिहास पाठ असतो. उदगीरच्या या विजेत्याचे नाव मरणानंतर दुसऱ्याच माणसाने पंधरा वर्षे वापरले, ही त्याची पुढची बाजू मात्र लढायांच्या पुस्तकात फारशी सापडत नाही. ई-मेलवरून बँकेच्या, कंपनीच्या किंवा वरिष्ठाच्या नावाने येणाऱ्या फसवणुकीचा विचार करताना मला पानिपतापेक्षा ही बाजू जास्त उपयोगी वाटते.

भाऊंचा देह रणांगणावर सापडला, त्याला अग्नीही मिळाला, पण तो नक्की त्यांचाच होता का ही शंका अनेकांच्या मनातून गेली नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य कधीच पत्करले नाही. या शंकेच्या फटीतून बुंदेलखंडाकडचा एक कनोजी ब्राह्मण पुढे आला आणि मीच सदाशिवरावभाऊ असे सांगू लागला. माधवराव पेशव्यांच्या काळात त्याची चौकशी होऊन तो खोटा ठरला आणि एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर असा कैदेत फिरत राहिला. 1776 मध्ये रत्नागिरीचा मामलेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला बाहेर काढले, आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हुकमाखाली गेले. शिंदे आणि पानसे यांच्या फौजांनी त्याचा पाडाव केला, मुंबईकडे पळताना आंग्र्यांनी त्याला धरले आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात पुन्हा उघड चौकशी होऊन त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. या प्रकरणातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी : एकदा खोटा ठरलेला माणूस दुसऱ्यांदा खपला. चौकशीचा निकाल पुण्यात होता, माणूस रत्नागिरीत होता, आणि मधले अंतर भरून काढायची गरज त्याच्या मागे जाणाऱ्या कित्येकांना वाटली नाही. त्यांनी जो समोर होता त्याच्याकडेच पाहिले.

तोतया ओळखण्याचा नियम मात्र त्या काळाला ठाऊक होता, आणि तो रोजच्या पत्रव्यवहारात मुरलेला होता. पत्राच्या माथ्यावर शिक्का असे, शेवटी मोर्तब असे. मोर्तबाचा हेतू इतकाच की मजकूर इथे संपला, याखाली कोणी काही घुसडू नये. महत्त्वाच्या पत्रात धन्याच्या हातची ओळ असे, पाठीमागे दफ्तरातल्या नोंदीच्या खुणा असत. पण शिक्का चोरता येतो, अक्षर गिरवता येते, हे फडावरच्या कारकुनालाही कळत होते. ‘ध’चा ‘मा’ केल्याची नारायणराव पेशव्यांच्या खुनाची कथा खरी असो वा नसो, ती लोकांना पटली यावरून कागदावर लोकांचा भरवसा किती कमी होता ते दिसते. म्हणून भरवसा ठेवला जाई तो खुणांवर नव्हे, दुसऱ्या वाटेवर : पत्र आणणारा जासूद ओळखीचा आहे का, त्याला तोंडी काय सांगून पाठवले आहे, दुसऱ्या कोणाकडून तीच बातमी आली आहे का. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ मिळाली ती त्यांच्या स्वतःच्या माणसांकडून नव्हे, दक्षिणेकडे निघालेल्या सावकारी पत्रातून. गळालेले मोती आणि हरवलेल्या मोहरा अशा व्यापारी भाषेत लिहिलेली ती बातमी पेशव्यांना लगेच उमगली आणि खरी वाटली, कारण सावकाराला पेशव्यांना फसवून काहीच मिळवायचे नव्हते. त्याची वाट वेगळी होती आणि त्याचा स्वार्थ वेगळा होता.

सावकारांनी हाच नियम हुंडीत जास्त काटेकोरपणे बसवला. हुंडीत रक्कम आकड्यात लिहीत, अक्षरी लिहीत आणि शिवाय निम्म्याने लिहीत : रुपये एक हजार, निमे पाचशे, त्याचे दुप्पट. एकाच्या जागी चार करणाऱ्याला मग पाचशेचेही दोन हजार करावे लागत. पण ही झाली कागदावरची तटबंदी, आणि तटबंदी चढता येते. खरी सुरक्षा कागदाबाहेर होती. हुंडी लिहिणारा सावकार ज्याच्यावर ती लिहिली त्याला वेगळ्या पत्राने कळवी की अमुक रकमेची, अमुक मितीची हुंडी तुमच्यावर केली आहे. हे आगाऊ पत्र आले नसेल तर हुंडी कितीही सुबक असली तरी आडत्याचा हात तिजोरीकडे सहज जात नसे. शहाजोग हुंडीचे पैसे पेठेतल्या पत असलेल्या माणसाच्या हातीच द्यायचे. तो माणूस कोण, हे कागदावरून नव्हे तर पेठेत विचारून ठरे. मूळ हुंडी हरवली तर पेठ, तीही गेली तर परपेठ अशी नक्कल काढत. पैसे चुकते झाले की हुंडीचा खोका होई, म्हणजे ती पुन्हा वटवता येत नसे. उदगीरसारख्या बाजारपेठेत, जिथे मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटक यांचा माल आणि भाषा एकत्र येतात, तिथे अनोळखी हातचा कागद ही रोजचीच बाब असणार. व्यापार चालायचा तर त्या कागदावर नुसता विश्वास टाकून भागत नव्हते, नुसता अविश्वास करूनही भागत नव्हते.

या भागाची आणखी एक गोष्ट फसवणुकीच्या इतिहासात क्वचितच मोजली जाते. 1948 पर्यंत उदगीर हैदराबाद संस्थानात होते. 1956 पर्यंत ते बिदर जिल्ह्यातला तालुका होते. संस्थानाचा कारभार आधी फारसीत आणि 1880 च्या दशकापासून उर्दूत चाले. मराठी शेतकऱ्याला आलेला सरकारी कागद त्याला वाचता येत नसे. तो कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागे, आणि वाचणारा लबाड असला की शेतकरी बुडे. तशी उदाहरणे मराठवाड्यात गावोगावी सांगितली जातात. पण त्याच नाइलाजामुळे कागद एकट्याच्या हातात राहत नसे. दुसऱ्याची नजर त्यावर पडे, चारचौघांत चर्चा होई. आज बँकेच्या नावाने येणारा मेल इंग्रजीत असतो, आणि भाषेचे परकेपण तसेच आहे. ‘खाते चोवीस तासांत बंद होईल’ या वाक्याचा सूर खऱ्या बँकेचा आहे की नाही हे कानाला कळायचे तर ती भाषा अंगवळणी पडलेली लागते. फरक एवढाच की आता मेल खिशातल्या फोनवर येतो, एकट्याने वाचला जातो, आणि चावडी मध्ये येत नाही.

ई-मेलची घडणच या बाबतीत सैल आहे. मेल पाठवण्याचा पायाभूत नियम 1982 च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. त्या नियमात पाठवणाऱ्याने आपले जे नाव सांगावे ते खरे मानले जाई. पडताळण्याची सोय नव्हती. ती नंतर जोडली गेली. आजच्या तपासण्या एवढेच सांगतात की हा मेल ज्या डोमेनचे नाव लावतो त्या डोमेनच्या परवानगीने निघाला. तो डोमेन तुमच्या ओळखीच्या कंपनीचा आहे की इंग्रजी ‘एम’ ऐवजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी लिहून बनवलेला जुळा आहे, हे त्या सांगू शकत नाहीत. जुळ्या डोमेनचा मेलही सगळ्या तपासण्यांतून सुखरूप उतरतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितले, हे पाऊल चांगलेच आहे. हा पत्ता नोंदणीकृत बँकेलाच मिळतो. पण तोही शिक्काच आहे. मोंढ्यातल्या डाळमिलच्या मालकाला जेव्हा नेहमीच्या पुरवठादाराकडून ‘आमचे खाते बदलले, यापुढे पैसे या खात्यावर भरा’ असा मेल येतो, तेव्हा तो खुद्द पुरवठादाराच्याच खात्यातून आलेला असू शकतो, कारण त्या खात्याचा पासवर्ड चोरीला गेलेला असतो. अशा वेळी डोमेन खरा, नाव खरे, मागचा पत्रव्यवहार खरा, आणि खाते क्रमांक तेवढा खोटा. इथे मेलकडे बारकाईने पाहून काहीही हाती लागत नाही. जुन्या बिलावर छापलेल्या नंबरवर फोन करणे हेच आगाऊ पत्र. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. तो नंबर म्हणजे तोतयाने आपल्याच खिशातून काढलेला साक्षीदार.

यावर व्यापारी म्हणेल, प्रत्येक मेलला फोन करत बसलो तर धंदा कधी करू? हा आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तरही हुंडीतच आहे. सावकार पेठेतल्या दररोजच्या उलाढालीची शहानिशा करत नसे. जिथे पैसा आजवर न गेलेल्या हातात जाणार तिथेच थांबे. मेलमध्येही थांबण्याच्या जागा मोजक्याच असतात : नवे खाते, नवा पासवर्ड, ओटीपी, आणि ‘कोणाला सांगू नका, लगेच करा’ हा आग्रह. यातला शेवटचा सर्वांत जास्त बोलका, कारण दुसरी वाट बंद करणे हाच त्याचा उद्देश असतो. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे : जुनी पेठ तरी कुठे सज्जन होती? तिची पडताळणी जात, नाते आणि सावकारी दबदबा यांवर चाले. ज्याची पत नाही त्याला ती दाराबाहेरच ठेवी. हे खरे आहे आणि ते परत आणायचे कारण नाही. पण फोनने दुसरी वाट सगळ्यांना स्वस्तात दिली आहे. ती सावकाराच्या मक्तेदारीत नाही, आणि म्हणूनच ती न वापरण्याची सबब आता उरत नाही.

तिसरा आक्षेप नव्हे, शेरा : हावरट आणि बावळट तेवढे फसतात. हा शेरा लोकप्रिय आहे आणि बहुतांशी चुकीचा आहे. फ्रान्समध्ये विदोक या गुन्हेगाराचा पुढे पोलीस झालेल्या माणसाने आपल्या लेखनात तुरुंगातून लिहिल्या जाणाऱ्या खोट्या खजिन्याच्या पत्रांचे वर्णन केले आहे, आणि शंभरातल्या वीस पत्रांना उत्तर येई असे तो सांगतो. त्यात हाव होती हे कबूल. पण तोतयाला भाऊ मानणाऱ्यांत हाव कमी आणि इच्छा जास्त होती. उदगीर जिंकणारा माणूस असा संपला हे त्यांना मान्य करायचे नव्हते. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून फेब्रुवारी 2016 मध्ये चोरांनी 8 कोटी 10 लाख डॉलर नेले. त्याची सुरुवात नोकरीच्या अर्जाच्या मेलने झाली होती, आणि ते मेल उघडणारे कोणी अडाणी नव्हते. दोन कोटी डॉलरची आणखी एक रक्कम अडली ती मधल्या एका परक्या बँकेला इंग्रजी शब्दाच्या चुकीच्या वर्णलेखनाची शंका आली म्हणून. तिथेही कामाला आली दुसरी नजर. आणि यंत्रांना शुद्ध मराठी-इंग्रजी लिहिता येऊ लागल्यावर वर्णलेखनाच्या चुकीवर विसंबणे सोडून द्यायला हवे.

शेऱ्याचा खरा तोटा फसल्यानंतर होतो. बावळट ठरायचे नसते म्हणून माणूस गप्प बसतो. मोंढ्यात पत जाईल म्हणून व्यापारी, घरी ऐकून घ्यावे लागेल म्हणून निवृत्त शिक्षक. हुंडी नाकारली गेली तर पेठेत त्याचा बोभाटा होई आणि त्या बोभाट्याने पुढचा सावकार सावध होई. आज हे काम 1930 या क्रमांकावर आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर होते, आणि ते जितक्या लवकर तितके चांगले, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळतात. मेल पुसू नये. तो जसा आला तसा, त्याच्या आतल्या मार्गाच्या नोंदींसह ठेवावा, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाला काहीच सोसावे लागत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंत. त्यानंतर बँकेच्या धोरणावर अवलंबून. ओटीपी स्वतःच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणजे लाजेने घालवलेल्या प्रत्येक तासाचा हिशोब परिपत्रकाने आधीच मांडून ठेवला आहे.