सित सितैन मया व अलफ : अक्षरांत लिहिलेल्या सालाची उकल

छत्रीबागेत थोरल्या मल्हारराव होळकरांची छत्री आहे. होळकरशाहीचा हा संस्थापक २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे निवर्तला. मात्र त्या दिवसांतील एखादा मोडी कागद जिज्ञासू वाचकाच्या हाती आला, तर १७६६ हा आकडा त्यावर बहुधा आढळणार नाही. तेथे साल असेल ते ‘सित सितैन मया व अलफ’ असे.

अक्षरांतून आकडा लिहिण्याची एक रीत आपल्या परिचयाची आहे. इंग्रजी ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर, घड्याळांच्या तबकड्यांवर आणि राजांच्या नावांपुढे रोमन अंक असतात. त्यांची अक्षरे सात : आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००. मोठ्या अक्षरानंतर लहान आले की बेरीज करावी. मोठ्याच्या आधी लहान आले की वजाबाकी. म्हणून ‘एक्स आय’ हे ११ होतात आणि ‘आय एक्स’ हे ९. या रीतीने १७६६ हे साल ‘एम डी सी सी एल एक्स व्ही आय’ असे लिहिले जाते.

मोडी कागदांतील सुहूर सनाचे शब्द अरबी आहेत. येथे वजाबाकी नाही, केवळ बेरीज आहे. आणि क्रम रोमनच्या उलट, म्हणजे एकम आधी व हजार शेवटी. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. अशर म्हणजे दहा. अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन हे वीस ते नव्वद. मया शंभर, अलफ हजार, आणि ‘व’ म्हणजे ‘आणि’. सहा, साठ, शंभर व हजार मिळून ११६६ झाले. आपणही ‘सहासष्ट’ म्हणताना सहा आधीच उच्चारतो. तेव्हा मराठी कारकुनाला हा क्रम परका वाटला नसावा.

आता ११६६ चे इसवी साल कसे काढावे? हा सन हिजरी ७४५, म्हणजे इ. स. १३४४ पासून सौरमानाने चालला. त्याचे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा बदलते. म्हणून त्यास मृगसाल असेही म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदास ५९९ मिळवावे, जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदास ६००. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. ते साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१. त्यात ६०० मिळविले की १७६१ येते. अहिल्याबाईंचे देहावसान १३ ऑगस्ट १७९५ चे. तेथे ‘सित तिसैन मया व अलफ’, म्हणजे ११९६ मध्ये ५९९ मिळवावे लागतात.

हा एका वर्षाचा फरक क्षुल्लक नव्हे. समजा, मल्हाररावांच्या एका पत्रावर भाद्रपद मास आणि सुहूर ११६६ आहे. ५९९ मिळविले तर ते १७६५ चे ठरते. चुकून ६०० मिळविले, तर मृत्यूनंतर तीन महिन्यांहून अधिक काळाने मल्हाररावांनी पत्र लिहिले असे होईल! ते पत्र बनावट ठरेल, किंवा १८११ ते १८३३ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या मल्हाररावांच्या माथी मारले जाईल. खरा कागद आपल्या बेरजेपायी खोटा ठरावा, याहून मोठा अन्याय कोणता?

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली, तेव्हा मितीवाचून कागद मुका राहतो हे अभ्यासकांच्या ध्यानी आले. बाळाजी प्रभाकर मोडकांच्या जंत्रीसारखे रूक्ष दिसणारे ग्रंथ याचसाठी मोलाचे आहेत. त्यांना वाचक थोडे लाभतात; तरीही ग्रंथालयाने ते जतन करावयाचे असतात. ज्या दिवशी कोणी एखादा जुना कागद घेऊन येईल, त्या दिवशी तेच ग्रंथ प्रथम मागितले जातील.