एक भूमी, दोन नकाशे : संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील नगरनियोजन आणि वनप्रशासन यांच्या समन्वयाचा इतिहास

प्रस्तावना :

स्थानिक स्वराज्य संस्था आणि वन्यजीव प्रशासन यांच्यातील समन्वय हा विषय आपल्याकडे बहुधा पर्यावरणशास्त्राच्या किंवा कायद्याच्या अंगाने अभ्यासला जातो. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याकडे तुलनेने कमी लक्ष दिले आहे. वस्तुतः कोणत्या जमिनीवर इमारत उभी राहावी आणि कोणत्या जमिनीवर रान राहावे, हा निर्णय एका दिवसात होत नाही. त्यामागे अनेक दशकांचे कायदे, हद्दी, नोंदी आणि कार्यालयीन सवयी असतात.

मुंबई आणि ठाणे या दोन महानगरांच्या मधोमध वसलेले, सुमारे १०३ चौरस किलोमीटर क्षेत्राचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. तिन्ही बाजूंनी दाट नागरी वस्ती आणि आत बिबट्याचा वावर, अशी स्थिती जगातील फार थोड्या शहरांत आढळते. या उद्यानाच्या परिसरातील विकासप्रकल्पांची छाननी करताना महानगरपालिका आणि वनविभाग यांचा परस्परसंबंध कसा घडत व बिघडत गेला, याचा मागोवा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. हा समन्वय परवानगीच्या टप्प्यावर शोधला गेला. तो आराखड्याच्या टप्प्यावरच व्हायला हवा होता, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे.

१. पाण्याच्या निमित्ताने राखलेले रान :

या संबंधाचा आरंभ वन्यजीवांपासून नव्हे, तर पाण्यापासून होतो. १८५४ च्या टंचाईनंतर मुंबई शहराला बाहेरून पाणी आणण्याची निकड भासू लागली. १८५६ मध्ये साष्टीच्या डोंगरात विहार तलावाचे काम सुरू झाले व १८६० मध्ये ते पूर्ण झाले. १८७९ मध्ये तुळशी तलाव तयार झाला. तलावाचे पाणी स्वच्छ राहावे यासाठी त्याच्या पाणलोट क्षेत्रात शेती, गुरेचराई आणि वस्ती यांना आळा घालणे आवश्यक होते. त्यामुळे या डोंगरातील झाडी टिकून राहिली.

येथे नगरप्रशासनाचा हेतू वनसंरक्षणाचा नव्हता. शहराची तहान भागविणे एवढाच तो मर्यादित हेतू होता. तथापि नगराचे हित आणि रानाचे हित एकाच नकाशावर येत असल्याने दोहोंत विरोध उद्भवला नाही. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाच्या बाबतीतही हेच दिसते. हा तलाव १८९२ मध्ये मुंबईच्या पाण्यासाठी बांधला गेला आणि त्याच्या भोवतीचे जंगल १९७० मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. महापालिकेच्या गरजेतून राखल्या गेलेल्या जंगलाला पुढे वन्यजीव कायद्याचे कवच मिळाले, असा हा क्रम आहे.

२. हद्दींचा विस्तार आणि कायद्यांची विभागणी :

स्वातंत्र्योत्तर काळात ही स्थिती पालटली. १९५० मध्ये मुंबई राज्याने राष्ट्रीय उद्यानासंबंधीचा कायदा केला आणि बोरिवलीच्या परिसरात ‘कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान’ अस्तित्वात आले. त्याच वर्षी मुंबई महापालिकेची हद्द उपनगरांत वाढविण्यात आली. १९५७ मध्ये ती पश्चिमेस दहिसर आणि पूर्वेस मुलुंडपर्यंत नेण्यात आली. म्हणजे रान राखण्याची आणि शहर वाढविण्याची प्रक्रिया एकाच दशकात, एकाच डोंगराच्या पायथ्याशी सुरू झाली. परंतु या दोन प्रक्रिया स्वतंत्र खात्यांकडे होत्या.

पुढील पंचवीस वर्षांत ही विभागणी कायद्यांनी अधिक पक्की केली. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरण म्हणून महापालिकेकडे आला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने उद्यानाच्या हद्दीच्या आतील अधिकार मुख्य वन्यजीव रक्षक आणि त्यांच्या अधीन यंत्रणेस दिले. १९७५ मध्ये राज्यात दोन कायदे झाले. एकाने नागरी क्षेत्रातील झाडांसाठी वृक्ष प्राधिकरणाची तरतूद केली, तर दुसऱ्याने खासगी वने शासनाकडे संपादित केली. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने आणि वन्यप्राणी हे विषय समवर्ती सूचीत गेले. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत मात्र नागरी वनीकरण व पर्यावरणाचे संरक्षण हे विषय नागरी संस्थांकडे सोपविता येण्याजोगे मानले गेले.

या सर्व तरतुदी आपापल्या जागी योग्यच होत्या. उणीव होती ती त्यांना जोडणाऱ्या दुव्याची. उद्यानाच्या कुंपणाच्या आत वनविभाग आणि बाहेर महापालिका, अशी वाटणी झाली. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना फिरणारा बिबट्या, वाहणारा ओढा आणि राहणारा आदिवासी यांचा विचार कोणत्याच एका कार्यालयाकडे राहिला नाही.

३. खासगी वनांचा वाद :

या दुराव्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे पूर्व उपनगरांतील खासगी वनांचा वाद होय. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ३५ मध्ये मुंबई प्रांताने १९४८ साली दुरुस्ती केली होती. त्यानुसार खासगी जमिनीवरील झाडीची तोड रोखण्यापूर्वी जमीनमालकास पोटकलम (३) खाली कारणे दाखवा नोटीस देणे आवश्यक होते. अशा अनेक नोटिसा १९५६-५७ च्या सुमारास काढण्यात आल्या. पुढे त्यांवर निर्णय झाला नाही आणि कारवाईही झाली नाही.

३० ऑगस्ट १९७५ रोजी खासगी वनसंपादनाचा कायदा अमलात आला. ज्या जमिनीसंबंधी पूर्वी अशी नोटीस काढली गेली होती, तिचाही समावेश या कायद्यातील ‘खासगी वन’ या व्याख्येत करण्यात आला. कागदोपत्री पाहता या जमिनी त्या दिवशी शासनाच्या झाल्या. परंतु विकास आराखड्यात त्यांपैकी कित्येक जमिनी निवासी वापराच्या होत्या. महापालिकेने तेथे बांधकाम परवानग्या दिल्या. इमारती उभ्या राहिल्या, कुटुंबे राहावयास आली, कर भरले गेले. वनविभागाच्या दप्तरात नोटीस होती, तर महापालिकेच्या दप्तरात मंजूर नकाशे होते. दोन्ही दप्तरे शासनाचीच होती. तरीही सुमारे तीन दशके ती एकमेकांशी ताडून पाहिली गेली नाहीत.

२००६ च्या सुमारास, एका जनहित याचिकेच्या पार्श्वभूमीवर, या जमिनींच्या अभिलेखांत वनांची नोंद होऊ लागली आणि मुलुंडसारख्या भागातील रहिवाशांना आपले घर वनजमिनीवर असल्याचे समजले. मार्च २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शासनाची बाजू ग्राह्य धरली. अखेरीस ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘गोदरेज अँड बॉइस विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात तो निर्णय फिरविला. केवळ नोटीस काढणे पुरेसे नाही; ती मालकावर बजावली गेली पाहिजे आणि ती जिवंत असली पाहिजे, पाच दशके पडून राहिलेली नसावी, असा या निकालाचा आशय आहे.

या निकालाने रहिवाशांना दिलासा मिळाला. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातून वेगळा बोध होतो. येथे वनही राखले गेले नाही आणि नागरिकही दीर्घकाळ निश्चिंत राहिला नाही. दोन कार्यालयांतील अबोल्याची किंमत तिसऱ्यानेच मोजली.

४. न्यायालये आणि परिसंवेदनशील क्षेत्र :

प्रशासनाने जो दुवा जोडला नाही तो जोडण्याचे काम न्यायालयांकडे गेले. उद्यानातील अतिक्रमणांविषयी मुंबई उच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी दिलेला आदेश हा त्यातील महत्त्वाचा टप्पा होय. त्यानंतर पात्र झोपडीधारकांच्या पुनर्वसनासाठी चांदिवलीची निवड झाली. रान मोकळे करावयाचे तर शहरात घर द्यावे लागते, म्हणजेच वनसंरक्षणाचा प्रश्न हा गृहनिर्माणाचाही प्रश्न आहे, हे या प्रकरणाने स्पष्ट केले.

कुंपणाबाहेरील क्षेत्राचा विचार राष्ट्रीय पातळीवर २००२ पासून सुरू झाला. २१ जानेवारी २००२ रोजी भारतीय वन्यजीव मंडळाच्या बैठकीत संरक्षित क्षेत्रांभोवतीचा १० किलोमीटरचा पट्टा परिसंवेदनशील मानण्याचे धोरण स्वीकारले गेले. राज्यांकडून प्रस्ताव येण्यास विलंब झाल्याने, ४ डिसेंबर २००६ रोजी गोवा फाउंडेशनच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने अशा पट्ट्यातील प्रकल्प राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीकडे पाठविण्याचे निर्देश दिले. मुंबईसारख्या शहरात दहा किलोमीटरचा पट्टा म्हणजे जवळजवळ सारी उपनगरेच होत. त्यामुळे येथे वेगळा विचार अपरिहार्य होता.

५ डिसेंबर २०१६ रोजी केंद्र शासनाने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती ५९.४६ चौरस किलोमीटरचे परिसंवेदनशील क्षेत्र अधिसूचित केले. त्याची रुंदी १०० मीटरपासून ४ किलोमीटरपर्यंत आहे. कोणती कामे निषिद्ध, कोणती नियंत्रित आणि कोणती प्रोत्साहनपर, याची सूची त्यात दिलेली आहे. नागरी प्रशासन आणि वनाधिकारी यांना एकत्र बसविणाऱ्या सनियंत्रण समितीची तसेच क्षेत्रीय बृहद् आराखड्याची तरतूदही त्यात आहे. महापालिका आणि वनविभाग या दोघांनाही एकच नकाशा वाचावा लागेल, अशी ही पहिलीच व्यवस्था म्हणता येईल.

मात्र अंमलबजावणीचा क्रम पाहण्यासारखा आहे. हा बृहद् आराखडा दोन वर्षांत होणे अपेक्षित होते. दरम्यान मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. परिसंवेदनशील क्षेत्राच्या आराखड्याचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध होईपर्यंत २०२४ साल उजाडले आणि त्यावर आदिवासी पाड्यांतील रहिवाशांनी आक्षेप घेतले. शहराचा आराखडा आधी आणि रानाकाठचा आराखडा नंतर, हा जुनाच क्रम येथेही कायम राहिला.

३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संरक्षित क्षेत्रांभोवती किमान एक किलोमीटरच्या पट्ट्याचा आदेश दिला, तेव्हा मुंबई आणि चेन्नईतील उद्यानांची स्थिती वेगळी असल्याची दखल त्यात घेतली गेली. २६ एप्रिल २०२३ रोजी हा आदेश शिथिल करण्यात आला. सर्व ठिकाणी एकच मोजपट्टी लावता येत नाही, याचीच ही कबुली होय.

५. महापालिकेची दुहेरी भूमिका :

समन्वयाच्या मार्गातील आणखी एक अडचण अशी की, महापालिका ही केवळ परीक्षक नाही; अनेकदा ती स्वतःच प्रकल्पकर्ती असते. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता हा महापालिकेचाच प्रकल्प असून त्यात उद्यानाच्या खालून सुमारे ४.७ किलोमीटर लांबीच्या जुळ्या बोगद्यांची योजना आहे. रस्ता डोंगरावरून न नेता खालून नेण्याच्या या पर्यायामुळे भूपृष्ठावरील हानी बऱ्याच अंशी टाळता येते. रेखांकनाच्या वेळीच रानाचा विचार झाला तर प्रकल्पाचे स्वरूप बदलू शकते, हे यातून दिसते.

आरे येथील मेट्रो आगाराच्या बाबतीत मात्र हा विचार उशिरा, आणि तोही संघर्षातून झाला. २०१६ च्या अंतिम अधिसूचनेत आगारासाठी सुमारे १६५ हेक्टर क्षेत्र वगळले गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २,६०० हून अधिक झाडांच्या तोडीस वा पुनर्रोपणास मान्यता दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताच त्याच रात्री तोड सुरू झाली आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबविली. तोपर्यंत बहुतांश झाडे पडली होती. या वादाच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतात. परंतु जागेची निवड होताना जी चर्चा व्हावयास हवी होती ती कुऱ्हाड उचलल्यावर झाली, याविषयी दुमत नसावे.

याउलट बिबट्यांच्या प्रश्नात समन्वयाचा चांगला अनुभवही आलेला आहे. २००४ च्या आसपास माणसांवरील हल्ले वाढले, तेव्हा पिंजरे लावण्यावर भर होता. २०११ मध्ये वनविभागाने अभ्यासक व नागरिक यांच्या सहभागाने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. उघड्यावरील कचरा, त्यावर जगणारी भटकी कुत्री आणि त्यांच्या मागे येणारा बिबट्या ही साखळी त्यातून लोकांपुढे मांडली गेली. कचरा उचलणे हे काम महापालिकेच्या घनकचरा खात्याचे आहे. वन्यजीव व्यवस्थापनाचा एक भाग अशा रीतीने वनविभागाच्या अखत्यारीबाहेर, प्रभाग कार्यालयात आहे.

पाड्यांचा प्रश्नही असाच दोन कार्यालयांत अडकलेला आहे. वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३(२) अन्वये शाळा, पिण्याचे पाणी, रस्ता यांसारख्या सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने अल्प वनजमीन देता येते. परंतु महानगराच्या हद्दीत ग्रामपंचायत नसते. शहरात राहूनही शहरी सुविधा नाहीत आणि रानात राहूनही ग्रामसभा नाही, अशी पाड्यांची कोंडी झाली आहे.

६. तुलनेसाठी एक उदाहरण :

आराखड्याच्याच टप्प्यावर समन्वय शक्य आहे काय, या प्रश्नाच्या उत्तरासाठी अमेरिकेतील एक उदाहरण उपयुक्त ठरते. कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो डोंगरावर गृहबांधणीचे प्रस्ताव आले, तेव्हा तेथे ‘मिशन ब्लू’ या संकटग्रस्त फुलपाखराचा अधिवास होता. सॅन मातेओ काउंटी, लगतची शहरे, जमीनमालक आणि वन्यजीव यंत्रणा यांनी मिळून संपूर्ण डोंगराचा एकच अधिवास-आराखडा तयार केला. त्याच धर्तीवर अमेरिकेने १९८२ मध्ये संकटग्रस्त प्रजाती कायद्यात दुरुस्ती केली. ही योजना निर्दोष होती असे नाही. अधिवासाचा काही भाग बांधकामासाठी सोडावा लागला आणि त्यावर टीकाही झाली. परंतु काय राखावयाचे व काय सोडावयाचे हे इमारतींच्या परवानग्यांपूर्वी, एकाच नकाशावर ठरले.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, मुंबईत नगर आणि रान यांचा समन्वय एकोणिसाव्या शतकात पाण्याच्या समान हितामुळे आपोआप साधला गेला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कायदे वाढले, पण समान नकाशा राहिला नाही. त्याची झळ घरमालक, आदिवासी आणि वन्यप्राणी या तिघांनाही बसली. २०१६ च्या अधिसूचनेने समान नकाशाची शक्यता पुन्हा निर्माण केली आहे. तथापि जोपर्यंत वनविभागाचे मत विकास आराखड्याचा मसुदा लिहितानाच घेतले जात नाही आणि दोन्ही कार्यालयांचे भूमी-अभिलेख नियमितपणे ताडून पाहिले जात नाहीत, तोपर्यंत सनियंत्रण समितीकडे येणारा प्रत्येक प्रस्ताव हा आधीच झालेल्या निर्णयाची औपचारिकता ठरण्याचा धोका राहील.

राज्यात अनेक शहरे आज जंगलाच्या दिशेने वाढत आहेत. १९५६-५७ मधील त्या नोटिसा ज्या रीतीने दप्तरात पडून राहिल्या, तशा आज त्या शहरांच्या कार्यालयांत कोणत्या नोंदी पडून आहेत, याचा शोध स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास, भूगोल व राज्यशास्त्र विभागांनी एकत्रितपणे घेतल्यास ते केवळ संशोधन न राहता लोकोपयोगी कार्य ठरेल.