खाण बंद झाली, हिरवळही आली. पण जमीन सुधारली का? शेजारचा न खणलेला तुकडा सांगतो

डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या गोव्यातल्या खाणपट्ट्यात जुन्या डंपांवर अकेशियाची दाट झाडी दिसते. लांबून पाहणाऱ्याला वाटते, जंगल परत आले. पण झाडाखाली गेले तर अनेक ठिकाणी नुसता वाळक्या पानांचा थर असतो. गवत नाही, करवंद नाही, माट्टी-किंदळाचे रोप नाही. मग पुनर्वनीकरण झाले असे म्हणायचे की नाही? हे ठरवण्याची एक साधी पद्धत आहे, ती म्हणजे संदर्भ भूखंड.

संदर्भ भूखंड म्हणजे काय?

खाणीजवळचा, पण कधीच न खणलेला जमिनीचा तुकडा. माती, उतार, उताराची दिशा, पाऊस आणि चराई या गोष्टी खाणीपूर्वीच्या जमिनीशी जुळतील असा तो निवडतात. खणलेल्या जागेवर जे उगवले, ते या तुकड्याशी ताडून पाहायचे.

मोजतात काय?

किती टक्के जमीन झाकली गेली, चारा किती येतो, झाडे-झुडपे किती आणि त्यांच्या जाती किती. चौकट टाकून किंवा दोरी ताणून ठरावीक अंतरावर नोंदी घेतात. गवत कापून, वाळवून वजन करतात. दोन्हीकडे एकाच हंगामात आणि एकाच पद्धतीने मोजले पाहिजे, नाहीतर हिशेब चुकतो.

अमेरिकेतला नियम

तिथे कोळशाच्या खुल्या खाणींसाठी १९७७ पासून केंद्रीय कायदा आहे. वनस्पतींचे आच्छादन ठरलेल्या मापाच्या किमान ९० टक्के भरावे लागते आणि हे माप संदर्भ भूखंडावरून घेता येते. उदाहरणार्थ, शेजारच्या भूखंडावर ८० टक्के आच्छादन असेल, तर खाणीच्या जागेवर निदान ७२ टक्के हवे. दुष्काळात शेजारचे आच्छादन ५० वर आले तर अपेक्षाही ४५ वर येते. त्यामुळे पावसाचा दोष कंपनीच्या माथी बसत नाही आणि चांगल्या पावसाचे श्रेयही तिला फुकट मिळत नाही.

वर्षाला २६ इंचांहून जास्त पाऊस असेल तर लागवडीची जबाबदारी साधारण ५ वर्षे, त्याहून कमी असेल तर १० वर्षे राहते. तोवर कंपनीची हमीची पूर्ण रक्कम सुटत नाही. म्हणजे हिरवळीचा ताळेबंद जुळल्याशिवाय खाते बंद होत नाही.

मर्यादाही आहेत

शेजारचा तुकडाच गुरांनी ओरबाडलेला, वणव्यात जळालेला किंवा रानमोडी-घाणेरीने भरलेला असेल, तर तुलना फसवी ठरते. मापच लहान असले की पास होणे सोपे. नुसते आच्छादन मोजले तर एकाच जातीची लागवडही उत्तीर्ण होते, म्हणून जातींची मोजणी वेगळी लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात बॉक्साइट काढल्यावर उभ्या केलेल्या जारा जंगलात जातींची संख्या न खणलेल्या जंगलाशी ताडून पाहतात. तिथला धडा असा की वरची सुपीक माती साठवून न ठेवता ताजीच पसरली, तर तिच्यातले बी जास्त उगवते. मात्र कोवळ्या लागवडीत जाती भरल्या म्हणजे जुने जंगल परतले असे नव्हे. त्याला कित्येक दशके लागतात.

आपल्याकडे

देशात २००३ पासून खाणींना बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खणलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चारा, झाडे व प्राण्यांना योग्य करण्याची अट खाणपट्ट्यांना घालायला सांगितले. पण ‘योग्य’ कशावरून ठरवायचे? किती रोपे लावली, हा आकडा पुरेसा नाही. डंपाची माती पावसाबरोबर खालच्या भातशेतीत उतरते, तेव्हा शेतकऱ्याला रोपांची संख्या नव्हे, झाकलेली जमीन उपयोगी पडते.

गोव्यात आणि शेजारच्या सह्याद्री पट्ट्यात गावोगावच्या देवराया हा मूळ जातींचा ठेवा आहे. कुठली झाडे इथली, हे त्या सांगतात. पण खडकाळ डंपाची तुलना थेट खोल मातीच्या देवराईशी करणे बरोबर नाही. त्यासाठी तशाच उताराचा, तशाच जांभ्या मातीचा तुकडा हवा. आणि तो खाण सुरू होण्याआधीच आखून, राखून ठेवायला हवा. सगळा डोंगर खणून झाल्यावर तुलनेला काहीच उरत नाही.